वाकड्या टोकाची वहिवाट

महसुली दप्तर ज्यांनी थोडेफार चाळले आहे त्यांना ठाऊक असते की सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमीन एकाच्या नावे असते, ती कसतो दुसराच, आणि मूळ बांध कोणी घातला हे विचारू गेल्यास गावातील वृद्धसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. शस्त्रवैद्यकाच्या अवजारांची नोंदवही याच मासल्याची आहे. आज जगातील बहुतेक प्रसूतिगृहांत आणि शस्त्रक्रियागृहांत, पाठीच्या कण्यात बारीक नळी सरकवून शरीराचा खालचा भाग तासन्‌तास बधिर ठेवण्यासाठी जी पोकळ सुई वापरली जाते, तिला ‘टूही सुई’ असे म्हणतात. तिचे टोक सरळ नसते. अगदी अखेरच्या काही मिलिमीटरांत ते हलकेच वळलेले असते, आणि त्यामुळे सुईचे तोंड समोर न उघडता बाजूला उघडते. आता गंमत अशी की हे वळण टूही यांनी दिलेले नाही, ते सिॲटल शहरातील एका दंतवैद्याचे आहे. आणि ज्या कामामुळे ही सुई खंडोखंडी पोहोचली ते काम प्रथम केले हवाना येथील एका क्यूबन डॉक्टराने. नाव, वळण आणि वहिवाट अशा तीन माणसांच्या तीन गोष्टी एका पोलादी नळीत कशा एकवटल्या, त्याची कैफियत येथे मांडावयाची आहे.

पोकळ सुई ही वस्तू आपणास वाटते तितकी प्राचीन नाही. डब्लिनचे फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ साली चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य वेदनेवर त्वचेखाली औषध उतरविण्याचा प्रयोग केला, आणि १८५३ च्या सुमारास एडिंबरोचे अलेक्झांडर वुड व फ्रान्समधील लियों शहराचे शार्ल प्रावाझ यांनी, एकमेकांस न विचारता, सुई व पिचकारी यांची जोडी जमवून दिली. परंतु पुढील तीस वर्षे त्या सुईतून नेण्याजोगे, अंगाचा नेमका तेवढाच भाग बधिर करणारे औषधच हाती नव्हते. ते १८८४ साली आले. कार्ल कोलर या व्हिएन्नामधील तरुण वैद्याने कोकेनचे थेंब घातल्यास डोळा स्पर्शसुद्धा जाणत नाही हे दाखवून दिले; हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेस जाण्यापुरता प्रवासखर्चही त्याच्यापाशी नसल्यामुळे त्याचा निबंध तेथे दुसऱ्यानेच वाचला. वर्ष उलटते न उलटते तोच न्यूयॉर्कचे लेनर्ड कॉर्निंग यांनी प्रथम कुत्र्याच्या व मग माणसाच्या पाठीच्या मणक्यांमध्ये कोकेन सोडून पाय बधिर करून दाखविले. ते औषध नेमके कोणत्या थरात उतरले असावे, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. कॉर्निंग यांच्या अटकळीप्रमाणे ते रक्तावाटे मज्जारज्जूपर्यंत पोहोचले होते. ही अटकळ पुढे चुकीची ठरली, पण चुकीच्या अटकळीवर बरोबर ठिकाणी पोहोचणाऱ्यांची संख्या शास्त्राच्या इतिहासात मुळीच थोडी नाही. कील विद्यापीठाचे हाइनरिश क्विंके यांनी १८९१ साली कमरेच्या मणक्यांतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढण्याची रीत पद्धतशीरपणे मांडली, आणि प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपत असल्यामुळे त्याखाली टोचण्यात त्याला इजा होण्याचे भय नाही, हेही त्यामुळे वैद्यांच्या मनावर ठसले.

त्याच कीलमध्ये आउगुस्ट बीर यांनी १८९८ च्या ऑगस्टमध्ये क्विंके यांच्या वाटेने कोकेन आत सोडून पायांच्या काही शस्त्रक्रिया केल्या. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडल्या, परंतु नंतर रुग्णांना डोकेदुखी आणि ओकाऱ्या यांनी असे काही घेरले की, हा त्रास औषधाचा की टोचण्याचा, याचा छडा लावण्यासाठी बीर यांनी स्वतःचीच पाठ पुढे केली. २४ ऑगस्टच्या त्या प्रसंगाचा वृत्तांत त्यांनी पुढे स्वतःच्या लेखात इतक्या निर्विकारपणे दिला आहे की वाचणाऱ्यास हसावे की शहारावे ते कळत नाही. त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी सुई व्यवस्थित बसविली. पण पिचकारीचे तोंड त्या सुईत नीट बसेना! जोडणी जुळविण्याच्या खटाटोपात बरेचसे मज्जाद्रव बाहेर वाहून गेले, कोकेनही सांडले, आणि प्रयोग तहकूब करावा लागला. मग हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाले, आणि या खेपेस सर्व यथासांग घडले. त्यानंतर बीर यांनी सहायकाच्या पायांना सुया टोचल्या, चिमटे घेतले, जळती सिगार लावली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला, केस उपटले, आणि सभ्य लेखात ज्याचा उल्लेख टाळावा अशा नाजूक जागीही हिसका देऊन पाहिला. हिल्डेब्रांट यांस दुखले नाही. सायंकाळी दोघांनी भोजनाबरोबर मद्य घेतले व सिगारी ओढल्या. दुसऱ्या दिवसापासून बीर यांना जी डोकेदुखी जडली ती आडवे पडताच थांबे आणि उठून बसताच परत येई, व अशी ती नऊ दिवस टिकली. हिल्डेब्रांट यांना डोकेदुखीबरोबर हातोड्याच्या घावांची फळेही भोगावी लागली, कारण नडगीला कळले नव्हते तरी ती ठेचली गेलीच होती. या परीक्षेतून कोकेनची शक्ती तर सिद्ध झालीच, परंतु पुढील अर्धशतकाचा खरा प्रश्नही त्यातच उभा राहिला: जाड सुईने मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणास, म्हणजे ज्यास वैद्य ‘ड्युरा’ म्हणतात त्या पडद्यास, भोक पडते, त्यातून द्रव झिरपत राहते आणि माणसाला डोके वर उचलता येत नाही.

दुसरी अडचण काळाची होती. एकदा सोडलेले औषध काही वेळाने ओसरणार. शस्त्रक्रिया त्याहून लांबली तर काय करावे? प्रारंभीच अधिक मात्रा द्यावी तर रक्तदाब कोसळण्याची धास्ती, कमी द्यावी तर रुग्ण ऐन मोक्याला जागृत वेदनेने कण्हू लागण्याची. ड्युरापर्यंत न जाता तिच्या अलीकडच्या फटीतच औषध सोडण्याची, म्हणजे आज जिला आपण ‘एपिड्युरल’ म्हणतो ती कल्पना, स्पेनच्या लष्करातील शस्त्रवैद्य फिदेल पाखेस यांनी १९२१ मध्ये त्रेचाळीस शस्त्रक्रियांच्या अनुभवासह प्रसिद्ध केली होती. पण ते स्पॅनिश भाषेत लिहिले गेले, बाहेर कोणी वाचले नाही, आणि १९२३ मध्ये मोटार-अपघातात पाखेस यांचा अंत झाला. त्या लेखानंतर दहा वर्षांनी इटलीतील तूरीनचे दोल्योत्ती यांनी तीच वाट स्वतंत्रपणे शोधली व ती ओळखण्याची खूणही लोकप्रिय केली: पिचकारीच्या दट्ट्यावर सतत दाब ठेवीत सुई पुढे सारावी, कण्यामागच्या पिवळ्या चिवट बंधात ती असेतोवर दट्ट्या हलत नाही, आणि बंध ओलांडताच तो एकाएकी सैल पडतो. पद्धत उत्तम होती. तरीही औषध एकदाच जात असल्यामुळे ओसरण्याची अडचण जेथल्या तेथेच राहिली.

या अडचणीवर फिलाडेल्फियाचे विल्यम लेमन यांनी १९४० साली जो तोडगा काढला तो धाडसी आणि काहीसा विचित्र होता. जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूची, वाकली तरी न मोडणारी सुई त्यांनी रुग्णाच्या पाठीत घातली आणि ती काढलीच नाही. तिला रबरी नळी जोडली, पलंगासाठी मध्ये मोकळी जागा सोडलेली खास गादी करविली, आणि रुग्णास उताणे निजवून, सुई त्या मोकळ्या जागेत लोंबत असताना, लागेल तसे थोडेथोडे औषध आत सोडण्याची तजवीज केली. लांबलेल्या पोटाच्या शस्त्रक्रिया यायोगे निभावल्या. हिंगसन आणि एडवर्ड्‌स या दोघांनी स्टेटन बेटावरील खलाशांच्या सरकारी रुग्णालयात १९४२ मध्ये, माकडहाडाच्या वरच्या छिद्रातून तशीच सुई ठेवून, प्रसूतीच्या कळा शमविल्या. परंतु पाठीत धातूची सुई असलेल्या माणसाला टेबलावर हलवावे, कुशीवर वळवावे, त्याने स्वतः खोकावे, आणि तरीही सुईचे टोक जागचे ढळू नये, ही अपेक्षा मुळातच फार होती.

मिनेसोटातील रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड बॉइस टूही हे भूलतज्ज्ञ होते. मेयोसारख्या संस्थेचा एक लाभ असा की तेथे एका विभागाची वस्तू दुसऱ्या विभागाच्या दृष्टीस सहज पडते. मूत्रविकारतज्ज्ञ मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या चिंचोळ्या वाहिनीत घालण्यासाठी रेशमी विणीवर रोगण चढविलेली एक बारीक, लवचीक नळी वापरीत. सुई जाड घेऊन तिच्यातून ही नळी आत सरकवावी, मग सुई मागे काढून घ्यावी आणि नळी तेवढी पाठीत ठेवावी, असा विचार टूही यांनी केला आणि १९४४ मध्ये तो प्रसिद्ध केला. नळी चार नंबरची, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून किंचित अधिक जाडीची. ती जाऊ द्यावयाची तर सुई पंधरा गेजची, म्हणजे जवळजवळ दोन मिलिमीटर जाडीची घेणे भाग होते. लेमन यांची लोंबती सुई आणि भोकाची गादी या दोन्ही गोष्टी एका फटक्यात अनावश्यक झाल्या.

आता नळीच्या दिशेचा प्रश्न उरला. पाठीत सुई आडवी शिरते, परंतु नळीला आत गेल्यावर कण्याच्या लांबीने, डोक्याकडे किंवा पायांकडे, वळावयाचे असते. सरळ सुईतून बाहेर पडलेली नळी समोरच्या भिंतीवर आदळते आणि तेथे गुंतते, किंवा मनास येईल तिकडे जाते. टूही यांस हवे होते असे टोक, की जे नळीला बाहेर पडता-पडताच कोपरा वळवून देईल. आणि ते टोक त्यांना तयारच मिळाले, कारण ते दुसऱ्याच एका कारणासाठी आधीच घडविले गेले होते.

सिॲटलचे दंतवैद्य राल्फ ह्यूबर यांचा कण्याशी काहीही संबंध नव्हता. त्यांच्या चिंतेचा विषय हिरडी, जबडा आणि सुई पाहताच खुर्चीत आखडणारा रुग्ण हा होता. साधी पोकळ सुई म्हणजे तिरपी कापलेली नळी. तिचे पुढचे टोक टोचते हे खरे, पण कापाची मागची कडही धारदारच असते, आणि ती कड त्वचेत शिरताना तोंडासमोर आलेल्या मांसाचा सूक्ष्म तुकडा कापून सुईच्या पोकळीत ओढून घेते. वेदना त्यामुळे वाढते, पोकळी तुंबते, आणि तो तुकडा पुढे नको तेथे जाऊन पडण्याचाही संभव असतो. ह्यूबर यांनी सुईचे टोक लांब, अणीदार ठेवून ते असे वळविले की तोंड बाजूला गेले आणि ती धोक्याची मागची कड टोकाच्या आडोशाला आली. मग सुई ऊतकांना कापून पोखरीत नाही; त्यांना दुभंगून बाजूला सारते. या रचनेच्या एकस्वाची सनद त्यांना अमेरिकी सरकारकडून १९४६ साली मिळाली. परंतु टूही यांच्या १९४५ च्या लेखात ह्यूबर टोकाची सुई आलेली आहे, म्हणजे सनदेवर शिक्का उठण्यापूर्वीच ते टोक दंतवैद्यकाची हद्द ओलांडून गेले होते. टूही यांनी त्यात भर घातली ती एका सळईची: सुईच्या पोकळीत नेमकी बसणारी आणि टोकाशी तोंड बुजविणारी ही सळई असल्यामुळे त्वचा ओलांडताना आत काही शिरण्याची उरलीसुरली भीतीही गेली.

येथे थोडे थांबून या वळणाचा विचार करणे अगत्याचे वाटते, कारण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ते पाहू जाता फार साधे व वैद्यकाच्या दृष्टीने फार दूरगामी होते. ह्यूबर यांना तोंड बाजूला हवे होते ते कड लपविण्यासाठी. टूही यांना तेच तोंड बाजूला हवे झाले ते नळी वळविण्यासाठी. एकाच्या हेतूचा दुसऱ्याच्या हेतूशी काडीइतकाही संबंध नसताना धातूचा आकार मात्र दोघांस तोच लागला. मोठ्या शोधांच्या चरित्रांत प्रतिभेच्या ठिणगीचे जे वर्णन वाचावयास मिळते ते खरे असेलही, पण अवजारांच्या बाबतीत उसनवारी हाच मुख्य मार्ग दिसतो. आणि उसनवार करणाराची नजर चौकस असावी लागते एवढे श्रेय टूही यांस बिनतक्रार द्यावयास हवे.

१९४६ च्या नोव्हेंबरात मेयो क्लिनिकमध्ये एक पाहुणा आला. हवानाचे मान्युएल मार्तीनेस कुर्बेलो यांनी टूही यांस काम करताना पाहिले, सुई पाहिली, नळी पाहिली, आणि जहाजाने किंवा विमानाने परत जाताना त्यांच्या मनात जो विचार घोळत असेल तो त्यांच्या कृतीवरूनच ताडता येतो. टूही सुई ड्युराच्या आत नेत. कुर्बेलो यांनी ती ड्युराच्या अलीकडेच थांबविली. १३ जानेवारी १९४७ रोजी, पोट उघडून अंडाशयाची प्रचंड गाठ काढावयाच्या एका चाळीस वर्षांच्या स्त्रीवर, सोळा गेजची टूही सुई आणि साडेतीन नंबरची नळी वापरून, त्यांनी एपिड्युरल फटीत नळी बसविली व हवे तेव्हा औषध सोडीत राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी ही हकीकत सांगितली, आणि १९४९ मध्ये ती छापून आली. म्हणजे पाखेस यांची जागा, टूही यांची नळी आणि ह्यूबर यांचे टोक अशी ही तिहेरी जुळणी हवानात झाली. परंतु कुर्बेलो यांचे नाव आज भूलशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच आठवते, कारण त्यांनी कोणत्याही वस्तूला आकार दिला नव्हता, आणि वैद्यकात नाव चिकटते ते हातात धरता येणाऱ्या वस्तूला.

याहून मोठा विपर्यास पुढेच आहे. टूही यांनी ज्या कामासाठी ती सुई घेतली, म्हणजे ड्युरा भेदून नळी आत ठेवण्यासाठी, ते काम हळूहळू मागे पडले. पंधरा गेजचे भोक पडद्याला पाडल्यावर बीर यांची डोकेदुखी कितीतरी पटींनी परत येणार हे उघड होते. त्यातच इंग्लंडमध्ये एक भयंकर प्रकार घडला. डर्बीशर परगण्यातील चेस्टरफील्ड येथे १३ ऑक्टोबर १९४७ रोजी, किरकोळ शस्त्रक्रियेसाठी कण्यात भूल दिलेले दोन पुरुष कमरेखाली कायमचे लुळे झाले. दोघांनी फिर्याद केली. प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले, आणि १९५४ मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांच्यासह अपील न्यायालयाने वैद्यांस निर्दोष ठरविले. औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलमध्ये बुडवून ठेवल्या होत्या, काचेला डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा होत्या, त्यांतून फिनॉल आत झिरपले, असा तेव्हाचा निष्कर्ष. पुढे १९९० मध्ये, सुया उकळण्याच्या भांड्यातील क्षार काढण्यासाठी वापरलेले आम्ल हेच खरे कारण असावे, असेही साधार मांडले गेले. कारण काहीही असो, ब्रिटनमध्ये कण्यात भूल देण्याचा धीर एक पिढीभर खचला. ड्युराच्या आत जाण्याची अशी दहशत बसलेली असताना ड्युराच्या बाहेर राहणारी पद्धत अधिक सुरक्षित भासावी हे स्वाभाविकच होते, आणि अशा रीतीने, जो पडदा भेदण्यासाठी टूही यांनी ती सुई निवडली होती, त्याच पडद्याच्या अलीकडे थांबणारी सुई म्हणून तिची जगभर ख्याती झाली. त्या कामालाही तिचे वळण उपकारकच ठरले. वळलेले, काहीसे बोथट टोक पिवळ्या बंधातून जाताना हाताला स्पष्ट प्रतिकार जाणवून देते, आणि चुकून पुढे गेलेच तर पडद्याला एकदम भोसकण्याऐवजी प्रथम त्याला दाबते.

सुई लोकांच्या हाती गेल्यावर तिच्या खोडीही उघड झाल्या. ह्यूबर यांचे टोक हिरडीसाठी अणीदार होते. तेवढी अणी कण्यापाशी नको होती. त्याहून वाईट म्हणजे बाजूला उघडणाऱ्या तोंडाची आतली कड. नळी पुढे जाताना ती आड येत नाही, पण कोणी उतावळेपणाने नळी सुईतून मागे ओढली तर हीच कड तिला कापते आणि तुटलेला तुकडा रुग्णाच्या पाठीत राहतो. म्हणून, नळी सुईतून कधीही मागे ओढू नये, काढावयाचीच झाल्यास सुई व नळी दोन्ही एकदम काढावीत, हा दंडक आजतागायत प्रत्येक शिकाऊ डॉक्टरास पहिल्या दिवशीच ऐकविला जातो. १९५४ मध्ये हस्टेड यांनी तोंड आखूड केले आणि त्या कडेची धार मारली. मिसूरीतील क्रॉफर्ड यांना तर वळणच नको होते. छातीच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांनी १९५१ च्या सुमारास पातळ भिंतीची, सरळ, आखूड कापाची सुई पुरस्कारिली, आणि आजही जेथे सुई फार तिरपी घालावी लागते तेथे तिला मानणारे आहेत. इंग्लंडच्या साउथएंड गावचे आल्फ्रेड ली यांनी १९६० मध्ये सुईच्या अंगावर सेंटिमीटरच्या खुणा कोरविल्या. ऐकावयास ही सुधारणा क्षुल्लक वाटते, पण बहुतेकांच्या पाठीत ती फट त्वचेपासून चार ते सहा सेंटिमीटरांवर असते, तेव्हा सुई किती आत गेली हे अंदाजाने ठरविणे आणि आकड्याने वाचणे यांत जे अंतर आहे ते ज्याच्या पाठीत सुई आहे त्यालाच विचारावे. बॉस्टनचे जेस वाइस यांनी पुढल्याच वर्षी सुईच्या मुळाशी दोन पंख जोडले, म्हणजे दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ती तसूतसूने सारता येऊ लागली. या सर्व दुरुस्त्या झाल्या, सुईची लांबी-जाडी बदलली, रेशमी नळीची जागा नायलॉन व इतर कृत्रिम द्रव्यांनी घेतली. टोकाचे वळण मात्र सिॲटलच्या त्या दंतवैद्याने दिले तसेच, थोडे बोथट होऊन, राहिले.

ह्यूबर यांच्या मूळ हेतूची आठवण वैद्यकाला पुन्हा झाली ती कर्करोगाच्या उपचारांत. वारंवार शिरेत तीव्र औषधे द्यावी लागणाऱ्या रुग्णांच्या शिरा जळून जातात, म्हणून छातीच्या कातडीखाली एक लहानशी डबी बसवून तिची नळी थेट मोठ्या शिरेत नेण्याची पद्धत १९८२ मध्ये जॉन नीडरह्यूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. (त्यांच्या आडनावातही ‘ह्यूबर’ यावे हा निव्वळ योगायोग.) डबीच्या तोंडावर सिलिकोनचा जाड पडदा असतो आणि दर खेपेस कातडीवरून त्यातच सुई खुपसावयाची असते. साधी सुई वापरल्यास तिची मागची कड प्रत्येक वेळी पडद्याचा एकेक तुकडा उचलून नेईल आणि डबी गळू लागेल. वळलेल्या टोकाची सुई पडद्याला दुभंगते, आणि ती निघताच सिलिकोन पुन्हा मिटते. त्यामुळे असा पडदा हजाराहून अधिक वेळा टोचला तरी टिकतो असे उत्पादक सांगतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून जिल्ह्याच्या गावच्या लहान कर्करोग केंद्रांपर्यंत, केमोथेरपीच्या खोलीत परिचारिका एकमेकींकडे मागतात ती सुई ‘ह्यूबर’ याच नावाने.

आता परीक्षेविषयी. बीर यांच्या काळी सुईची परीक्षा वैद्याच्या नाहीतर रुग्णाच्या पाठीवर होत असे. आज ती आधी यंत्रावर होते. पॉलियुरेथेनचा पातळ पडदा ताणून बसवितात, एकसारख्या वेगाने सुई त्यात उतरवितात आणि प्रत्येक क्षणी किती जोर लागला त्याचा आलेख काढतात. टोक शिरताना रेषा वर चढते, आणि कापाची मागची कड शिरताना पुन्हा एकदा चढते. सुईच्या टोकाची घडण कशी आहे, कड कोठे बोचते, हे या चढ-उतारावरून न सांगता कळते. दुसऱ्या परीक्षेत रबराचे बूच पुनःपुन्हा टोचून सुईने त्यातले किती कण कापून आणले ते गाळून मोजतात. ह्या चाचण्या आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु सुई चांगली असणे आणि ती हाताला कळणे या गोष्टी भिन्न आहेत, आणि दुसरी गोष्ट यंत्र शिकवू शकत नाही.

आपल्याकडे सुश्रुताचे नाव अशा प्रसंगी अभिमानाने घेतले जाते, आणि त्याने मर्मस्थानी, वृषणांवर व पोटावर टाके घालण्यासाठी धनुष्यासारखी वाकडी सुई सांगितली आहे हे खरेही आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काढलेली डल्हणाच्या टीकेसह असलेली संहिता ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी सूत्रस्थानाचा पंचविसावा अध्याय उघडून पाहावा. मात्र ती सुई शिवण्याची, भरीव आणि नेढे असलेली. टूहीच्या पोकळ सुईशी तिचे नाते जोडू पाहणे म्हणजे एका गोत्राच्या माणसाला दुसऱ्याच्या वंशावळीत घुसडणे होय. सुश्रुताचे खरे महत्त्व मला त्याच स्थानातील नवव्या अध्यायात दिसते. शास्त्र पाठ केलेल्या पण हात न बसलेल्या शिष्याला त्याने रोग्याकडे फिरकू दिलेले नाही: कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावा, शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर, शिवण्याचा दाट विणीच्या कापडाच्या व मऊ कातड्याच्या काठांवर, असे त्याने एकेक जिन्नस नेमून दिले आहेत. आज एपिड्युरल शिकणारे विद्यार्थी, महागडे प्लास्टिकचे कणे बाजूस ठेवून, बऱ्याच ठिकाणी केळ्यावर हात बसवितात. केळे सालीसकट धरावे, टूही सुईला पाण्याची पिचकारी लावावी, दट्ट्यावर अंगठ्याचा हलका दाब ठेवीत सुई सावकाश सारावी. सालीत असेतोवर दट्ट्या हटून बसतो, आणि साल ओलांडून टोक गरापाशी पोहोचले की अंगठ्याखाली तो एकदम सैल पडतो. पहिल्या काही केळ्यांत विद्यार्थ्याची सुई गरात खोल घुसून पाणी भलतीकडेच जाते. ती केळी मग कोणी खात नाही.